लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही आणि जोखीम वर्गवारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमधल्या पोक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) कार्यशाळांनंतर, सोसायट्यांच्या सभांनंतर आणि अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत, मग अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रकरण तुमच्या घरातलं असेल तर वकिलाला भेटा.

१. लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही म्हणजे नक्की काय?

लैंगिक गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसांची सरकारी यादी. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे, गुन्ह्याचा प्रकार अशी माहिती तीत असते. अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये त्या माणसाला स्वतः ठरावीक काळाने पोलिसांकडे हजेरी लावावी लागते. घर, नोकरी किंवा नाव बदललं तर कळवावं लागतं आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा असतो. भारतातली नोंदवही वेगळी आहे. इथे पोलीस माहिती भरतात, दोषीने येऊन काही करायचं नसतं.

नुसता आरोप झालेल्याचं किंवा खटला चालू असलेल्याचं नाव यादीत नसतं. हा मुद्दा पुढे बऱ्याच उत्तरांत लागेल.

२. भारतात अशी नोंदवही आहे का? कधीपासून?

आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने ती सुरू केली आणि ती सांभाळण्याचं काम राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे दिलं. त्याच वर्षी कठुआ आणि उन्नावच्या बलात्काराच्या घटनांनी देश हादरला होता आणि एप्रिलमध्ये फौजदारी कायदा दुरुस्तीचा अध्यादेश निघाला होता. सुरुवातीलाच नोंदवहीत ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सोखालचे गुन्हे आणि छेडछाड यांत दोषी ठरलेले लोक त्यात येतात. २००५ पासूनची माहिती भरून ती अद्ययावत ठेवायला राज्यांच्या पोलिसांना सांगितलं गेलं.

नोंदवही प्रशासकीय निर्णयातून आली. तिच्यासाठी संसदेने वेगळा कायदा केलेला नाही. त्याचे परिणाम प्रश्न १३ आणि १९ मध्ये.

३. ही यादी मला बघता येते का? माहितीच्या अधिकारात मागता येईल?

बघता येत नाही. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे. माहितीच्या अधिकारात एखाद्याचं नाव यादीत आहे का असं विचारलं, तर खासगीपणाच्या कारणावरून नकार येण्याची तयारी ठेवा. निकालपत्रं मात्र बहुतेक वेळा न्यायालयांच्या संकेतस्थळांवर असतात. पोक्सोच्या निकालांत पीडित मुलाची ओळख झाकलेली असते, आणि ती तशीच राहिली पाहिजे.

४. मग शाळेचा शिपाई, व्हॅनचा ड्रायव्हर, शिकवणीचे सर यांची खात्री कशी करायची?

चारित्र्य पडताळणी हाच मार्ग आहे. २०२०च्या पोक्सो नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी, वसतिगृह, सगळ्यांना हे लागू आहे. कर्मचारी कायम आहे की कंत्राटी, शिकवणारा आहे की झाडणारा, याने फरक पडत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना उघड झाली, तेव्हा लोकांच्या संतापाचा मोठा भाग याच प्रश्नावर होता : मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत पोचणाऱ्या माणसाला नेमताना कोणी काय पाहिलं?

पालक-शिक्षक संघाच्या सभेत तीन गोष्टी विचारा. पडताळणीची फाइल आहे का? कंत्राटदाराने पाठवलेल्या बदली माणसाची पडताळणी कोण करतं? शेवटची पडताळणी कधी झाली? बदली माणूस ही सर्वांत कच्ची जागा आहे. चार दिवसांसाठी आलेल्या ड्रायव्हरचे कागद कोणी मागत नाही.

आणि पडताळणीला फक्त जुनी नोंद दिसते. नोंद नाही म्हणजे माणूस सुरक्षित आहे, असा अर्थ काढू नका. एनसीआरबीच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. यातले बहुतेक जण कुठल्याच यादीत नसतात.

५. अमेरिकेत तर घरबसल्या वेबसाइटवर सगळं दिसतं. तिथे हे कसं सुरू झालं?

कॅलिफोर्नियाने १९४७मध्ये पोलिसांपुरती नोंदणी सुरू केली होती. आजची व्यवस्था मात्र १९८० आणि ९०च्या दशकांतल्या काही मुलांच्या अपहरण आणि खुनांमधून उभी राहिली. मिनेसोटात ऑक्टोबर १९८९मध्ये ११ वर्षांच्या जेकब वेटरलिंगला बंदुकीच्या धाकावर पळवून नेलं. त्याच्या नावाने १९९४चा केंद्रीय कायदा झाला आणि सर्व राज्यांना नोंदवही ठेवणं भाग पडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या हॅमिल्टन टाउनशिपमध्ये सात वर्षांच्या मेगन कांकाचा खून झाला. मारेकरी समोरच्या घरात राहत होता, लैंगिक गुन्ह्यांत त्याला आधी शिक्षा झाली होती आणि शेजाऱ्यांना याची कल्पना नव्हती. त्यातून ‘मेगन्स लॉ’ आला, आधी राज्यात आणि १९९६मध्ये देशभर. २००६च्या अ‍ॅडम वॉल्श कायद्याने सगळ्याला एक सामायिक चौकट दिली.

जेकबची आई, पॅटी वेटरलिंग, हिने या कायद्यांसाठी वर्षानुवर्षं झगडा केला. पुढे तिनेच जाहीरपणे प्रश्न विचारला की यादी इतकी फुगवून, तीत अल्पवयीन मुलांनाही ओढून आपण नक्की कोणाला वाचवतोय. ज्या बाईचा मुलगा गेला ती हे म्हणते तेव्हा थांबून ऐकलं पाहिजे, असं मला वाटतं.

६. टिअर १, २, ३ आणि लेव्हल १, २, ३ यांत फरक काय?

आकडे सारखे दिसतात, अर्थ वेगळा. घोटाळा इथेच होतो.

अ‍ॅडम वॉल्श कायद्यातले टिअर गुन्ह्याच्या कलमावरून ठरतात. पहिल्या टिअरला १५ वर्षं नोंदणी आणि वर्षातून एकदा हजेरी. दुसऱ्याला २५ वर्षं आणि दर सहा महिन्यांनी. तिसऱ्याला आजन्म आणि दर तीन महिन्यांनी. माणूस कोण आहे, आज त्याचं वय काय, उपचार घेतले का, यातलं काही बघितलं जात नाही.

न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा अशा राज्यांतल्या लेव्हल माणसाच्या पुढच्या धोक्याचा अंदाज घेऊन ठरतात. न्यूयॉर्कमध्ये एक मंडळ शिफारस करतं, पण निर्णय न्यायाधीश सुनावणी घेऊन देतात. त्या माणसाला वकील मिळतो आणि सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. लेव्हल १चे लोक तिथल्या सार्वजनिक वेबसाइटवर दिसत नाहीत. न्यू जर्सी ‘टिअर’ हा शब्द वापरतं, पण तिथली वर्गवारी धोक्यावर आधारलेली आहे. पहिल्या टिअरची माहिती पोलिसांना, दुसऱ्याची शाळा आणि संस्थांनाही, तिसऱ्याची शेजाऱ्यांनाही.

आपल्याकडे २०१८मध्ये वर्तमानपत्रांत आलेल्या माहितीनुसार कमी धोका असलेल्यांची नोंद १५ वर्षं, मध्यम धोक्याची २५ वर्षं आणि सराईत, हिंसक, सामूहिक किंवा कोठडीतल्या बलात्काराच्या दोषींची आजन्म ठेवायची कल्पना होती. नाव धोक्याचं, पण आकडे अमेरिकेच्या कलमवार पद्धतीचे. धोका कोण, कशावरून मोजणार, याची यंत्रणा त्यात नव्हती.

७. माणूस पुन्हा गुन्हा करेल की नाही, हे मोजतात तरी कसं?

सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन ‘स्टॅटिक-९९आर’. कार्ल हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन यांनी १९९९मध्ये त्याची पहिली आवृत्ती केली. प्रश्न फक्त १० आहेत आणि सगळे कागदपत्रांवरून भरता येतात : सुटकेच्या वेळचं वय, जोडीदाराबरोबर सलग दोन वर्षं राहिला आहे का, या गुन्ह्याबरोबर वेगळी मारहाण होती का, पूर्वी मारहाणीची शिक्षा आहे का, पूर्वीचे लैंगिक गुन्हे किती, एकूण किती वेळा शिक्षा सुनावली गेली, स्पर्शाविना केलेला लैंगिक गुन्हा आहे का, पीडितांत नात्याबाहेरचं कोणी आहे का, अनोळखी आहे का, पुरुष किंवा मुलगा आहे का. बेरीज उणे ३ ते १२ या टप्प्यात येते.

प्रत्यक्ष करून पाहू. समजा, ६२ वर्षांचा विवाहित माणूस पुतणीवर अत्याचार करून शिक्षा भोगून सुटतोय आणि आधीची कुठलीही नोंद नाही. साठीनंतरच्या वयाचे उणे ३. संसार केलेला आहे, शून्य. पीडित नात्यातली, ओळखीची, मुलगी, तिन्हींना शून्य. बाकीही शून्य. एकूण उणे ३, म्हणजे सर्वांत खालची पातळी.

दुसरा २४ वर्षांचा, कधी कोणाबरोबर न राहिलेला. अनोळखी मुलावर अत्याचार, आणि आधी एक लैंगिक गुन्ह्याची शिक्षा. वयाचा १, एकटेपणाचा १, नात्याबाहेरचा १, अनोळखी १, मुलगा १, जुन्या शिक्षेचा १. एकूण ६. इथून सर्वांत वरची पातळी सुरू होते.

आता अडचण बघा. यातला जवळपास प्रत्येक प्रश्न भूतकाळाबद्दल आहे. वाढत्या वयाखेरीज बेरीज खाली आणायला माणसाच्या हातात काही नाही. म्हणून कॅनडात ‘स्टेबल-२००७’ आणि ‘अ‍ॅक्यूट-२००७’ ही जोडसाधनं तयार झाली. दारू, राग, मुलांपर्यंत पोचण्याची संधी, देखरेख टाळण्याची वृत्ती अशा बदलत्या गोष्टी ती पाहतात. ‘स्टॅटिक-९९आर’ महिला गुन्हेगारांसाठी नाही आणि लहान वयात गुन्हा केलेल्या मुलांसाठीही नाही.

हे साधन मुख्यतः कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कैद्यांवर घडलं. ‘जोडीदाराबरोबर दोन वर्षं’ हा प्रश्न आपल्याकडे विचारला तर काय होईल? ठरवून, घरच्यांनी लावून दिलेल्या लग्नांच्या समाजात जवळजवळ प्रत्येक तिशीतल्या पुरुषाला शून्य मिळेल. माणसाबद्दल काही न कळताच. इथल्या दोषसिद्धांचा पाठपुरावा करून पडताळल्याशिवाय हे साधन जसंच्या तसं आणणं घातक ठरेल.

८. पुतणीवर अत्याचार करणाऱ्याला ‘कमी धोका’? हा अन्याय नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त रागाने येतो आणि तो राग योग्य आहे.

जोखमीचे गुण गुन्ह्याचं गांभीर्य मोजत नाहीत. गांभीर्याचा हिशोब शिक्षेत होतो. पोक्सोत नातेवाइकाने केलेला अत्याचार ‘गंभीर स्वरूपाचा’ मानला जातो आणि शिक्षा वाढते, ते बरोबरच आहे. जोखमीचा प्रश्न वेगळा आहे : तुरुंगातून बाहेर आल्यावर पुन्हा पकडला जाईल असा गुन्हा करण्याची शक्यता किती?

‘पुन्हा पकडला जाईल’ हे शब्द महत्त्वाचे. घरातले गुन्हे कमी नोंदवले जातात, त्यामुळे घरातल्या गुन्हेगारांचे आकडे आपोआप कमी दिसतात. म्हणून ‘कमी’ पातळी मिळाली तरी त्या काकाला त्या घरात परत पाठवू नये. तिथे ती ठरावीक मुलगी आहे, आणि तिच्यापुरता धोका कुठल्याही बेरजेपेक्षा मोठा आहे.

९. पण हे लोक पुन्हा गुन्हा करतातच ना? ८० टक्के म्हणतात.

८० टक्क्यांच्या आकड्याला आधार नाही. १९८६मध्ये मानसशास्त्रावरच्या एका लोकप्रिय अमेरिकन मासिकातल्या लेखात, उपचार न घेतलेल्या गुन्हेगारांबद्दल, कुठलाही पुरावा न देता तो आकडा आला. तिथून सरकारी पुस्तिकेत आणि २००२मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात पोचला. पुढच्या वर्षी, २००३च्या स्मिथ विरुद्ध डो या निकालात, नोंदणी ही शिक्षा नसून नागरी स्वरूपाची व्यवस्था आहे असं न्यायालयाने म्हटलं, तेव्हाही याच समजुतीची सावली होती.

मोजलेला आकडा असा. अमेरिकेच्या न्याय विभागाने २००५मध्ये ३० राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्या लैंगिक गुन्हेगारांचा नऊ वर्षं मागोवा घेतला. बलात्कार किंवा लैंगिक अत्याचारासाठी पुन्हा अटक झालेले ७.७ टक्के. कुठल्याही गुन्ह्यासाठी अटक झालेले मात्र ६७ टक्के.

७.७ टक्के ही क्षुल्लक गोष्ट नाही. त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक माणूस भरडला गेला आहे, आणि प्रश्न ८ मध्ये म्हटल्याप्रमाणे अटकेपर्यंत न पोचलेले गुन्हे यात नाहीत. पण सगळेच पुन्हा करतात हे गृहीत धरून केलेला कायदा आणि थोडेच करतात, ते शोधायचे आहेत हे धरून केलेला कायदा, दोन्ही फार वेगळे होतात.

१०. यादी सार्वजनिक केल्याने मुलं खरंच सुरक्षित होतात का?

पोलिसांना माहिती असण्याचा फायदा दिसतो. ती सर्वांना खुली करण्याचा फायदा तितका दिसत नाही. जे. जे. प्रेस्कॉट आणि जोना रॉकॉफ या अमेरिकन संशोधकांनी अनेक राज्यांचे आकडे तपासले. पोलिसांकडच्या नोंदणीने गुन्हे कमी होताना दिसले, विशेषतः ओळखीच्या पीडितांबाबत. वेबसाइटवर नाव टाकण्याच्या भीतीने पहिल्यांदा गुन्हा करू पाहणारे काही जण थबकतात. पण ज्यांचं नाव आधीच लागलंय, त्यांच्यात पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं.

याचं कारण समजायला मायामीकडे बघा. तिथल्या शाळांपासून २,५०० फुटांच्या आत राहायला बंदी आल्यावर अनेकांना शहरात घरच मिळेना, आणि समुद्रावरच्या ज्युलिया टटल पुलाखाली त्यांची वस्ती उभी राहिली. तंबू, जनरेटर, आणि पत्ता म्हणून पुलाचं नाव. घर, नोकरी आणि नातेवाईक या तीन गोष्टी माणसाला गुन्ह्यापासून लांब ठेवतात. या नियमांनी नेमक्या त्याच काढून घेतल्या.

११. तरीही भारतात यादी जाहीर करायला हरकत काय? लोकांना कळू दे.

माझं उत्तर ठाम नकार आहे, दोन कारणांसाठी.

पहिलं पीडित मुलीचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२नुसार आणि पोक्सोनुसार पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आता विचार करा : दीड हजार वस्तीच्या गावात ‘अमुक माणूस, पोक्सो, नात्यातली अल्पवयीन मुलगी’ अशी नोंद वेबसाइटवर आली, तर ती मुलगी कोण हे कळायला संध्याकाळ होणार नाही. तिचं नाव न छापताही छापलं जाईल. हे होणार हे माहीत असेल तर पुढच्या घरातली आई तक्रार द्यायलाच जाणार नाही.

दुसरं जमावाचं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेमुळे पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारलं. हातात कुठलीही यादी नव्हती. ब्रिटनमध्ये २०००साली एका वृत्तपत्राने बालअत्याचाऱ्यांची नावं छापली, तेव्हा पोर्ट्समथच्या पॉल्सग्रोव्ह वसाहतीत दंगे झाले, आणि वेल्समध्ये एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरच्या घरावर ‘पीडो’ असं रंगवलं गेलं. आपल्याकडे एकाच नावाची, एकाच आडनावाची किती माणसं एका तालुक्यात असतात, हे मला वेगळं सांगायला नको.

ब्रिटनने नंतर मधला मार्ग काढला. यादी बंदच ठेवली, पण ‘सेराज लॉ’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत पालक पोलिसांकडे जाऊन विचारू शकतात : माझ्या मुलाशी संबंध येणाऱ्या या एका माणसाबद्दल काळजीचं काही आहे का? पोलीस तपासून, गरज असेल तरच, त्या पालकाला सांगतात आणि ते गुप्त ठेवायला लावतात. आपल्याकडे अशी सोय यावी असं मला मनापासून वाटतं.

१२. शक्ती कायद्यात अशी नोंदवही होती ना? तिचं काय झालं?

महाराष्ट्राने २०२०मध्ये मांडलेल्या शक्ती विधेयकाच्या मसुद्यात महिला आणि बालकांवरच्या गुन्ह्यांतल्या दोषींच्या नोंदवहीची कल्पना होती. विधेयक डिसेंबर २०२१मध्ये विधिमंडळात एकमताने मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने अमलात आलं नाही. आंध्र प्रदेशच्या २०१९च्या दिशा विधेयकात तर यादी सार्वजनिक करण्याची तरतूद होती. तेही तसंच अडकलं.

१३. एकदा नाव लागलं की कायमचं का? फेरआढावा होतो का?

देशागणिक फरक आहे आणि या विषयातला खरा वाद इथे आहे.

ब्रिटनमध्ये अडीच वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर नोंदणी बेमुदत. २०१०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बेमुदत चालेल, पण फेरआढाव्याची एकही संधी नाही हे मानवी हक्कांना धरून नाही. त्यानंतर २०१२पासून १५ वर्षांनी, आणि गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असलेल्यांना आठ वर्षांनी, अर्ज करता येतो.

कॅलिफोर्नियात अनेक दशकं प्रत्येकाचं नाव आजन्म राहायचं. यादी इतकी लांबली की खरोखर धोकादायक माणसांवर लक्ष ठेवायला पोलिसांना फुरसत उरेना. २०१७च्या कायद्याने तीन टप्पे केले : १० वर्षं, २० वर्षं, आजन्म. ते २०२१पासून लागू झाले आणि तेव्हापासून नाव काढण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. न्यू जर्सीत १५ वर्षं गुन्हा न करता काढली आणि आता धोका नाही हे दाखवलं, तर सुटका मागता येते, पण काही गंभीर गुन्ह्यांना ती सवलत नाही. या मुदती हवेतून आलेल्या नाहीत. समाजात गुन्हा न करता जितकी वर्षं जातात तितका धोका उतरत जातो, हे अनेक पाठपुराव्यांत दिसलं आहे, सुरुवातीला वरच्या पातळीत असलेल्यांच्या बाबतीतही.

भारतात राष्ट्रीय नोंदवहीतून नाव काढण्यासाठी अर्जाची प्रक्रिया घालून देणारा कायदाच नाही (प्रश्न २). शिवाय २०२२च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्यानुसार ठसे आणि मोजमापं ७५ वर्षं ठेवता येतात.

१४. खालच्या कोर्टात शिक्षा, हायकोर्टात सुटका. नाव राहतं का?

राहता कामा नये. मुंबईत कुलाब्याच्या अँकरेज अनाथाश्रमातल्या मुलांच्या शोषणाचं प्रकरण आठवा. डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स या दोन ब्रिटिश नागरिकांना मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००६मध्ये दोषी ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाने २००८मध्ये सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये पुन्हा दोषी ठरवलं. पाच वर्षांत दोन वेळा चित्र फिरलं. नोंदवही प्रत्येक निकालानंतर अद्ययावत झाली नाही तर ती कधी निर्दोष माणसाला दोषी दाखवेल, कधी दोषीला निर्दोष.

निर्दोष सुटूनही पडताळणीत जुनी शिक्षा दिसत असेल, तर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन गुन्हा नोंदवलेल्या पोलीस ठाण्यात आणि अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर उच्च न्यायालयात रिट.

१५. मुलगा १९चा, मुलगी १७ची, दोघं पळून गेले, तिच्या वडिलांनी केस केली. तोही याच यादीत?

दोषी ठरला तर हो, कारण १८ खालच्या मुलीची संमती कायदा मानत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात यासाठी अपवाद आहे : संमती होती, लहान व्यक्ती किमान १३ वर्षांची आणि दोघांत चार वर्षांहून जास्त अंतर नाही, तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्या विधी आयोगाने २०२३च्या २८३व्या अहवालात संमतीचं वय कमी करू नये असं म्हटलं, पण १६ ते १८ वयोगटातल्या अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला विवेक वापरता यावा अशी शिफारस केली. कलमावरून धोका ठरवण्याची पद्धत किती आंधळी असू शकते, याचं हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. हा मुलगा आणि प्रश्न ७ मधला २४ वर्षांचा माणूस एका रकान्यात बसतात.

१६. गुन्हेगारच १८ खालचा असेल तर?

बाल न्याय कायदा २०१५च्या कलम २४नुसार दोषी ठरलेल्या मुलाला त्यामुळे पुढे अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद : १६ ते १८ वयाच्या ज्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला, त्याला हे संरक्षण नाही. अमेरिकेत १४ वर्षांवरील मुलांचीही काही गंभीर गुन्ह्यांत नोंदणी होते.

१७. परदेशातला दोषी गुन्हेगार गोव्यात फिरायला आला तर आपल्याला कळतं का?

थोडंफार. गोव्याला हा धडा महागात मिळाला. मडगावजवळ अनाथाश्रमाच्या आडून मुलांचं शोषण करणाऱ्या फ्रेडी पीटला १९९६मध्ये जन्मठेप झाली. त्या प्रकरणात परदेशी नागरिकही गुंतलेले होते. पुढे २००३मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला.

अमेरिकेने २०१६मध्ये केलेल्या कायद्यानुसार नोंदणीकृत गुन्हेगाराने परदेश प्रवासाची सूचना २१ दिवस आधी द्यायची असते. बालकांवरच्या गुन्ह्यात दोषी असलेल्याच्या पासपोर्टवर तसा स्पष्ट उल्लेख छापला जातो आणि ज्या देशात तो चालला त्या देशाला कळवलं जातं. ज्या देशांत अशी पद्धत नाही, तिथून येणाऱ्याबद्दल मात्र काहीच कळत नाही. त्यामुळे वसतिगृह किंवा आश्रम चालवत असाल तर परदेशी स्वयंसेवकाकडून त्याच्या देशाचा पोलीस दाखला मागा. पाहुण्याला कसं विचारायचं, हा संकोच बाजूला ठेवा.

१८. आम्ही न्यू जर्सीत राहतो, एच-वन-बीवर. घराजवळच्या माणसाचं नाव वेबसाइटवर दिसलं. काय करू? आणि आपल्यापैकी कोणी अडकलं तर?

पहिल्या भागाचं उत्तर : माहिती तुमच्या मुलांच्या सावधगिरीसाठी वापरा. त्या माणसाला धमकावणं किंवा छळणं हा तिथे गुन्हा आहे. वेबसाइटवर पहिल्या टिअरचे आणि दुसऱ्यातलेही काही जण दिसत नाहीत, तेव्हा नकाशावर खूण नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसरं : व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्याला बालकावरच्या लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढलं जाण्याची पूर्ण शक्यता असते. नोंदणी न करणं हाही हद्दपारीला कारण ठरणारा गुन्हा आहे. अ‍ॅडम वॉल्श कायद्याने असा दोषी नागरिक झाला तरी त्याला पत्नी किंवा आईवडिलांसाठी कुटुंब व्हिसाचा अर्ज करणं जवळजवळ बंद केलं आहे. फौजदारी वकिलाने सांगितलेली तडजोड स्वीकारण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. सही झाल्यावर फार उशीर होतो.

१९. तुमच्या मते आपल्या नोंदवहीत काय बदललं पाहिजे?

आधी तिला संसदेचा कायदा हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावर मर्यादा आणायची तर कायदा, योग्य हेतू आणि प्रमाणबद्धता हव्यात असं सांगितलं. लाखो लोकांचे फोटो आणि पत्ते प्रशासकीय आदेशावर फार काळ उभे राहणार नाहीत. एखाद्या सराईताने न्यायालयात जाऊन सगळी नोंदवहीच पाडली, तर नुकसान मुलांचं होईल.

मग वर्गवारी. ती कलमावरून आपोआप न करता, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ असलेल्या जिल्हा मंडळाने अहवाल द्यावा आणि विशेष न्यायाधीशाने त्या माणसाला ऐकून निर्णय द्यावा. ठरावीक वर्षांनी फेरआढावा, आणि तो दोन्ही दिशांनी. धोका वाढलेला दिसला तर पातळीही वाढवता आली पाहिजे. पीडितेला सुटकेची आणि पातळी बदलाची सूचना मिळावी, कारण ज्या रस्त्याने ती शाळेत जाते त्याच रस्त्यावर तो माणूस परत येणार असतो.

यासाठी माणसं आणि पैसे लागतील. पण लाखो नावांच्या सपाट यादीत कोणावर लक्ष ठेवायचं हे ठाण्यातल्या हवालदाराला कळत नसेल, तर ती यादी असून नसल्यासारखी आहे.

२०. शिक्षा भोगून आलेला माणूस आमच्या वाडीत परत राहायला आलाय. पोलिसांना सांगायचं की गावाला?

पोलिसांना. तो जामिनावर आहे, पॅरोलवर आहे की शिक्षा पूर्ण करून आलाय, हे ठाण्यात विचारा. जामीन किंवा पॅरोल असेल तर पीडितेच्या जवळ न जाण्याच्या अटी असू शकतात, आणि अट मोडल्याचं दिसलं तर लेखी कळवा. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच, अंगणवाडी सेविका, शिक्षक तीत असतात. तिची बैठक लावा आणि त्या माणसाला मुलांशी संबंध येणारं काम मिळणार नाही एवढं ठरवा. शेतात, गॅरेजमध्ये काम मिळत असेल तर मिळू द्या. तो कामात आणि लोकांच्या नजरेसमोर असणं गावालाही सोयीचं आहे.

त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. पीडित मुलगी त्याच गावात असेल तर आधी तिच्या घरी जा, त्यांना काय हवंय ते विचारा. कुठल्याही मुलाबाबत शंका आली तर १०९८ किंवा ११२ला फोन करा. अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळूनही न कळवणं हा पोक्सोच्या कलम १९ आणि २१खाली गुन्हा आहे. कळवणाऱ्याने पुरावा आणून द्यायची गरज नसते.